गादी कापायची की शिवायची? ब्रँडन रॉयचा गुडघा आणि तुझा

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वय वीस, उंची सहा फूट तीन, कॉलेज कोल्हापुरात, विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात जागा जवळपास पक्की. लेअप (धावत येऊन, उडी घेऊन बास्केटजवळून मारलेला शॉट) मारून खाली येताना पाय दुसऱ्याच्या बुटावर पडला, उजवा गुडघा मुरगळला, सकाळी उठलास तर सुजलेला. एमआरआयत बाहेरच्या बाजूची गादी, म्हणजे लॅटरल मेनिस्कस, फाटल्याचं आलं. एक डॉक्टर म्हणतात, फाटलेला तुकडा दुर्बिणीतून कापून काढू, दीड महिन्यात कोर्टवर. दुसरे म्हणतात, टाके घालून बघू, पण पाच-सहा महिने खेळ बंद. दोन महिन्यांवर आंतरविद्यापीठ स्पर्धा, आणि पुढे कधीतरी क्रीडा कोट्यातून नोकरी मिळवायची आहे. त्यात अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या, गुडघ्यांपायी पाच हंगामांतच थांबावं लागलेल्या ब्रँडन रॉयची हकीकत वाचनात आली आणि तू विचारलंस, ‘माझंही पाच वर्षांत आटपणार का?’

मी फिजिओथेरपिस्ट आहे, काम कोल्हापुरातच. माझ्याकडे येणारे निम्मे गुडघे तालमीतले, बरेचसे पेठांच्या फुटबॉल संघांचे, बास्केटबॉलवाले तसे थोडे. खेळाडूंना मी तूच म्हणतो, राग मानू नकोस. ऑपरेशन कुठलं करायचं हे मी ठरवणार नाही. तो निर्णय हाडांच्या सर्जनचा, आणि तोही तुझा गुडघा हातात धरून तपासल्यावर. पण दोघांपैकी कुणाचं ऐकायचं हे ठरवताना डोक्यात काय असावं, ते सांगू शकतो.

पहिली गोष्ट, तुझा प्रश्न रॉयबद्दल नाहीच. तो असा आहे: समोरची एक स्पर्धा आणि पुढची दहा-बारा वर्षं यांतलं काय निवडायचं? ‘दीड महिना की सहा महिने’ अशी तुलना केली की कापणं स्वस्त वाटतं. ‘दीड महिना आणि मग तिशीत काय’ असं विचारलं की हिशेब बदलतो.

रॉयचं नेमकं काय झालं ते नीट बघू, कारण अर्धीमुर्धी गोष्ट वाचून माणूस घाबरतो. रॉय सिएटलचा. चार वर्षं वॉशिंग्टन विद्यापीठाकडून खेळला आणि गुडघ्याचं दुखणं कॉलेजातूनच सोबत घेऊन आला. २००६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, सहाव्या क्रमांकावर निवड झाली आणि त्याच दिवशी अदलाबदलीत तो पोर्टलंड संघाकडे गेला. पहिल्याच हंगामात ‘रूकी ऑफ द इयर’, म्हणजे सर्वोत्तम नवा खेळाडू. २००८, २००९, २०१० अशी सलग तीन वर्षं ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक अव्वल खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड. डिसेंबर २००८ मध्ये फिनिक्सविरुद्ध एका सामन्यात ५२ गुण. आणि डिसेंबर २०११ मध्ये निवृत्ती, वयाच्या २७ व्या वर्षी. पुढच्या हंगामात मिनेसोटाकडून परतायचा प्रयत्न झाला. पाच सामने खेळला आणि पुन्हा गुडघ्याचं ऑपरेशन. सगळे मिळून ३२६ सामने, सरासरी १८.८ गुण.

यातला २०१० चा एप्रिल महिना मी प्रत्येक घाईतल्या खेळाडूला सांगतो. प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद मालिकांच्या तोंडावर रॉयच्या उजव्या गुडघ्याची गादी फाटली. दुर्बिणीचं ऑपरेशन झालं आणि आठव्या दिवशी तो फिनिक्सविरुद्ध मालिकेतला चौथा सामना खेळायला उतरला. तो सामना पोर्टलंडनं जिंकला, मालिका ४-२ अशी गमावली. जानेवारी २०११ मध्ये दोन्ही गुडघ्यांवर पुन्हा दुर्बीण. तरी त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये डॅलसविरुद्ध २३ गुणांनी मागे पडलेला सामना त्यानं शेवटच्या क्वार्टरमध्ये १८ गुण करून ८४-८२ असा ओढून आणला. डॅलस त्या वर्षी विजेता ठरला, म्हणजे समोर ऐरागैरा संघ नव्हता. तो त्याचा पोर्टलंडसाठीचा शेवटचा मोठा सामना.

आठव्या दिवशी खेळला म्हणून संपला, असं मी म्हणणार नाही. त्याच्या गुडघ्यातली कूर्चा आधीच बरीच झिजलेली होती आणि कदाचित सहा महिने थांबूनही शेवट तोच झाला असता. शिवाय तो उड्यांवर जगणारा खेळाडू नव्हताच. चाल बदलून, थांबून, समोरच्याला झुलवून खेळायचा. म्हणजे ‘मी जपून खेळेन’ हा तुझा युक्तिवादही फार लांब नेत नाही.

उलट बाजूची उदाहरणंही घे. एनबीएतल्याच ड्वेन वेडची कॉलेजात असताना, २००२ मध्ये, गुडघ्यातली गादी काढून टाकली होती. तो सोळा हंगाम खेळला, तीन विजेतेपदं मिळवली. पण गुडघ्यानं त्याला सुखानं खेळू दिलं असंही नाही. मधली कित्येक वर्षं सामने सोडत, गुडघ्याची मर्जी सांभाळत गेली. दुसरा तिथलाच रसेल वेस्टब्रुक. एप्रिल २०१३ मध्ये तुझ्यासारखीच उजव्या गुडघ्याची बाहेरची गादी फाटली. त्याच्या डॉक्टरांनी टाके घातले. पुढचे प्लेऑफ गेले, ऑक्टोबरमध्ये एक टाका सैल निघाला म्हणून पुन्हा ऑपरेशन, डिसेंबरमध्ये तिसऱ्यांदा. तेव्हा सगळे म्हणाले असतील की कापून मोकळा झाला असता तर बरं. २०१७ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं पळत राहिला.

तेव्हा एका माणसाच्या गुडघ्यावरून दुसऱ्याचं भविष्य सांगता येत नाही. मग कशावरून सांगता येतं? गादी काय काम करते आणि तुझी कुठे फाटली आहे, यावरून.

मांडीचं हाड वर, नडगीचं खाली, आणि मध्ये दोन चंद्रकोरी गाद्या, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. उडी मारून उतरताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार गुडघ्यावर येतो, आणि तो पसरून देणं हे गादीचं काम. शिरोली एमआयडीसीत कुणी ओळखीचं असेल तर विचार: यंत्रातल्या फिरत्या दांड्याभोवतीचं कडं, म्हणजे बुश, झिजला की तो बदलायला शेकड्यात खर्च येतो, नाही बदलला तर तो दांडा, म्हणजे शाफ्टच, खाल्ला जातो. फरक इतकाच की इथे नवा बुश सहजासहजी मिळत नाही.

त्यातही बाहेरची गादी जास्त महत्त्वाची. बाहेरच्या बाजूला नडगीच्या हाडाचा माथा किंचित फुगीर असतो, आतल्या बाजूला तो थोडा खोलगट. फुगीरावर फुगीर टेकलं की भार एका ठिपक्यावर येतो. तो ठिपका पसरवायला फक्त गादीच असते. म्हणून बाहेरच्या गादीचा मोठा तुकडा काढलेल्या खेळाडूंमध्ये कूर्चा लवकर झिजते. काहींची तर परत खेळायला लागल्यावर काही महिन्यांतच इतकी झिजते की सर्जनसुद्धा चकित होतात. आतल्या गादीचा लहानसा कोपरा काढलेले कितीतरी फुटबॉलवाले शाहू स्टेडियमवर वर्षानुवर्षं बिनबोभाट खेळतात. त्यांचं ऐकून तू ठरवू नकोस. ‘आमच्या पेठेतल्या अमक्यानं कापून घेतली, महिन्यात गोल मारला’ हे खरं असेल, पण त्याची गादी कुठली आणि किती काढली हे त्यालाही बहुधा ठाऊक नसतं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या कडेला जवळजवळ नसतो. फाट या बाहेरच्या कडेजवळ असेल, उभी असेल, ताजी असेल आणि तुझं वय वीस असेल, तर टाके धरण्याची शक्यता चांगली. फाट आतल्या पातळ भागात असेल, चिंध्या झाल्या असतील, तर टाके घालून उपयोग नाही; तिथे लहान तुकडा छाटणं हाच शहाणपणा, आणि त्यात घाबरण्यासारखं फार नाही. गादी मुळापासून उखडली असेल तर ती जवळजवळ पूर्ण निकामी होते, तिथे सहसा जोडायचा प्रयत्न करतात. यातलं तुझं कुठलं, हे रिपोर्टच्या एका ओळीवरून कळत नाही. कित्येकदा सर्जनलाही आत दुर्बीण घातल्यावरच खात्री पटते.

टाक्यांची दुसरी बाजूही लपवत नाही. पाच वर्षं आणि त्याहून जास्त काळ पाठपुरावा केलेल्या रुग्णांत साधारण पाचातल्या एकाचे टाके निकामी होतात आणि पुन्हा दुर्बीण घालावी लागते. म्हणजे सहा महिने बसूनही शेवटी छाटावी लागण्याची शक्यता आहेच. तरी विशीतल्या खेळाडूची बाहेरची, शिवता येण्याजोगी गादी असेल तर मी स्वतः शिवण्याच्या बाजूचा. आज छाटली तर उद्या शिवता येत नाही. आज शिवली आणि नाही धरली तर उद्या छाटता येते. दोन दारांपैकी एकातून परत फिरता येतं.

आता पैशाचं, कारण तो विषय कुणी काढत नाही. रॉयनं २००९ मध्ये पाच वर्षांचा करार केला, आठ कोटी डॉलरच्या आसपासचा. गुडघे गेले, क्लबनं करार मोडला, तरी ठरलेले पैसे त्याला मिळाले. गुडघा पणाला लावायची किंमत त्याला आधीच चुकती झाली होती. तुला आंतरविद्यापीठ स्पर्धेत गुडघा पणाला लावायचे काय मिळणार? ट्रॅकसूट, प्रमाणपत्र आणि रेल्वेचं तिकीट. प्रमाणपत्र मोलाचं असतं हे मान्य. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे, सेनादल आणि काही सार्वजनिक कंपन्यांचे बास्केटबॉल संघ आहेत, आणि या सगळ्यांना कागद लागतो. पण कागदानंतर चाचणी असते आणि वैद्यकीय तपासणीही. सुजलेला गुडघा घेऊन चाचणीत तीन दिवस लागोपाठ खेळता येत नाही.

अजून एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही. रॉयला त्याच्या पातळीवर पाच वर्षं पुरली. खात्याच्या संघातून खेळायचं तर तुला त्याच्याहून जास्त काळ खेळायचं आहे, कमी वेगानं, सिमेंटच्या कोर्टवर, तिशी उलटेपर्यंत. तुझी कारकीर्द त्याच्याहून लहान नाही, लांब असायला हवी. म्हणून गुडघाही जास्त टिकायला हवा.

आपल्या मातीत याचं उदाहरण आहेच. राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्य जिंकलं, आणि १९५६ च्या मेलबर्नची वाट गुडघ्याच्या दुखापतीनं अडवली. तेव्हा दुर्बीण नव्हती, एमआरआय नव्हता, पर्यायच नव्हते. तुझ्यासमोर दोन डॉक्टर दोन पर्याय ठेवतायत ही तक्रार नाही, चैन आहे.

इथपर्यंतचं एका दमात: गादी बाहेरची आहे, वय कमी आहे, शिवता येण्याजोगी असेल तर थांबण्यात फायदा जास्त; शिवता येत नसेल तर लहानात लहान तुकडा काढून, घाई न करता परतणं. आता परतण्याबद्दल, कारण माझं खरं काम तिथे सुरू होतं, आणि रॉयच्या गोष्टीतून शिकण्यासारखंही तिथेच आहे.

कूर्चेला स्वतःच्या नसा नसतात. ती झिजत असताना दुखत नाही. दुखायला लागतं तेव्हा खालचं हाड उघडं पडायला आलेलं असतं. म्हणून ‘सर, दुखत नाही, टेप मारा, मॅच हाय’ हे वाक्य मला काहीच सांगत नाही. मी वाटीच्या बाजूनं हात फिरवून पाणी बघतो. सूज खोटं बोलत नाही. सरावानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या सकाळपेक्षा भरलेला असेल तर आदल्या दिवशीचं काम जास्त झालं, मग तू कितीही ताजातवाना असलास तरी. आणि गुडघ्यात पाणी असेल तोवर मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळलाच जात नाही, मेंदूच त्याला लगाम घालतो. तो स्नायू ढिला, म्हणजे उतरतानाचा धक्का सरळ सांध्यात. सूज, कमजोरी, जास्त धक्का, पुन्हा सूज, असं चक्र. सामन्याआधी वेदनाशामक गोळी घेऊन खेळणारा हे चक्र स्वतःपासून लपवतो, बाकी काही करत नाही. स्टेरॉइडचं इंजेक्शन एखाद्या वेळी कामाचं असतं, पण दर स्पर्धेआधी एक, असं केलं तर ते कूर्चेलाच खातं.

परत कधी? तारखेनं नाही. मी बघतो ते असं: गुडघा पूर्ण सरळ होतो का, दुसऱ्या पायाइतका वाकतो का, आठवडाभर सरावानंतरही कोरडा, म्हणजे बिनसुजेचा, राहतो का, मांडीची ताकद चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के आहे का, एका पायावर उडी मारून उतरताना गुडघा आत कोसळतो का. शेवटचं मोबाइलवर चित्रीकरण करून तूही बघू शकतोस. छाटणीनंतर हे काहींना सहा आठवड्यांत जमतं, काहींना तीन महिने लागतात. बाहेरच्या गादीला मी मुद्दाम जास्त वेळ देतो. टाक्यांनंतर साधारण पहिले चार ते सहा आठवडे वाकवण्यावर आणि भार टाकण्यावर बंधनं असतात, ती फाटीच्या प्रकारानुसार तुझे सर्जन ठरवतील. मग ताकद, मग पळणं, मग उड्या, आणि सामना सहाव्या महिन्याच्या आसपास. पळायला सुरुवात करशील तेव्हा रंकाळ्याच्या कडेनं सपाटीवर कर. जोतिबाचा डोंगर उतरून ‘बघू गुडघा कसा वाटतो’ असले प्रयोग करू नकोस. चढणीपेक्षा उतरणच गुडघ्याला छळते.

गावातले सल्ले मिळतीलच, त्यांचाही निकाल लावतो. पायाचं सूप प्यायल्यानं गादी भरून येत नाही. चवीला उत्तम, रविवारी जरूर पी, औषध म्हणून नको. सुजलेल्या गुडघ्यावर जोरकस मालीश करून घेऊ नकोस, विशेषतः वाटीभोवती. मांडी आणि पोटरी चोळली तर हरकत नाही. पूर्ण खाली जाणाऱ्या बैठका टाके घातलेल्या गादीच्या मागच्या भागावर सरळ दाब देतात. तालमीतल्या वस्तादांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, चार महिने तरी नको, आणि नंतरही हळूहळू. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर रोज जायची सवय असेल तर खेळ बंद असताना पेला लहान कर. खेळ थांबतो, खुराक थांबत नाही, आणि सहा महिन्यांत वाढलेलं वजन पहिल्या उडीला गुडघ्यावरच येतं. पैलवानांच्या बाबतीत मला ऑपरेशनपेक्षा याचीच काळजी जास्त वाटते. गुडघ्यात पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट्सचं, इंजेक्शन घ्यावं का असं कुणी विचारेल. फाटलेली गादी त्यानं जुळते असं कुणी सांगत असेल तर खिसा सांभाळ.

एका गोष्टीत मात्र थांबायचं नाही. गुडघा अर्धवट वाकलेल्या अवस्थेत अडकला आणि सरळच होईना, तर फाटलेला तुकडा मध्ये येऊन बसला असण्याची शक्यता असते. त्या वेळी ओढून, झटका देऊन सरळ करू नकोस, कुणा हाडवैद्याला करू देऊ नकोस. त्याच दिवशी सर्जनला गाठ.

दोन्ही डॉक्टरांकडे परत जाशील तेव्हा इतकं विचार. फाट कडेजवळ आहे की आत? छाटायची ठरली तर अंदाजे किती भाग जाईल? आत गेल्यावर शिवता येण्याजोगी दिसली तर त्याच वेळी शिवाल का, तशी तयारी आहे का? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार सांगून जातं. सगळे सर्जन गादी शिवण्याचं काम सारखंच करत नाहीत, आणि ‘आमच्याकडे आम्ही छाटतोच’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे विचारण्यात गैर काही नाही. एमआरआयची फिल्म किंवा सीडी सोबत ने, नुसता कागद नको.

घरी आणि प्रशिक्षकांना काय सांगायचं असंही तू शेवटी विचारलंस. प्रशिक्षकांना सरळ सांग की या वर्षी नाही. चांगला प्रशिक्षक बेंचवर बसवून तुझ्याकडून फ्री थ्रो आणि स्काउटिंग, म्हणजे समोरच्या संघाचा अभ्यास, करून घेईल. बसून खुर्चीवरून शॉट मारायचा सराव पहिल्या महिन्यापासून करता येतो, मनगट आणि नजर तरी शाबूत राहते. रॉयही शेवटी प्रशिक्षकच झाला. २०१६-१७ मध्ये सिएटलच्या नेथन हेल शाळेचा संघ त्यानं एकही सामना न हरता राज्य विजेता केला, २९ पैकी २९. खेळ डोक्यातही असतो, तो भाग पाय बांधलेला असताना वाढवता येतो.

घरच्यांना सहा महिन्यांचा खर्च आणि येणं-जाणं आधी सांगून ठेव, कारण ऑपरेशनच्या बिलात फिजिओचे महिने कुणी धरत नाही आणि मग तिसऱ्या महिन्यात मुलं यायची बंद होतात. टाके घालायचे ठरलंच तर कुबड्या आदल्या आठवड्यात आणून त्यावर चालायचा सराव कर. हॉस्टेलची खोली वरच्या मजल्यावर असेल तर वॉर्डनकडे आत्ताच अर्ज देऊन तेवढ्या दिवसांपुरती तळमजल्यावर माग, आणि संडास कमोडचा आहे ना, ते खोली घेण्याआधी बघून ये.